स्वस्तातलं टॅक्टिकल सामान आणि एअर रायफलच्या ॲक्सेसरीज: घरच्या घरी पारख कशी करायची?

छर्रा१७७

धागा काढण्याचं कारण साधं आहे. ऑनलाइन दुकानांत 'टॅक्टिकल', 'मिलिटरी ग्रेड', 'हेवी ड्यूटी' हे शब्द हजाराच्या पिशवीलाही चिकटवलेले असतात आणि दहा हजारांच्या पिशवीलाही. ते शब्द कोणी तपासत नाही, त्यामुळे त्यांवरून काहीच ठरत नाही. मात्र वस्तू परत करायची मुदत संपण्याआधी घरी करता येतील अशा बऱ्याच चाचण्या आहेत. त्यांना लागतं काय? स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, व्हर्नियर, पाण्याचा ग्लास आणि आलेखाचा कागद.

चर्चा आपल्याकडे बहुतेकांजवळ असते त्या रायफलीपुरती ठेवू: ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमी बोअरची, २० ज्यूल ऊर्जेच्या आतली, स्प्रिंगवर चालणारी ब्रेक-बॅरल एअर रायफल. तिच्यावर बसणारी स्कोप, माउंट (स्कोपला रायफलीवर धरून ठेवणारी पकड), पट्टा आणि सोबतच्या बॅगा, पाऊच, टॉर्च. अमेरिकेतल्या एआर-१५ (गोळीची रायफल) वाल्यांचे सल्ले जसेच्या तसे इथे लावले की गडबड होते, आणि पहिली गडबड स्कोपमध्येच होते.

बंदुकीचा धक्का एकाच दिशेने, मागे येतो. स्प्रिंगरचा, म्हणजे स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफलचा, धक्का दुहेरी असतो. पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे जाते; पिस्टन सिलिंडरच्या टोकाला हवेच्या गादीवर थांबतो तेव्हा रायफल झटक्यात पुढे येते. फक्त मागच्या धक्क्यासाठी बांधलेल्या स्कोपच्या भिंगांना पुढच्या झटक्याचा आधार नसतो. मग क्रॉसहेअर (नेमाची फुली) तिरकी होते, भिंग सैल होतं, नाहीतर झिरो, म्हणजे नेम आणि मारा यांची जुळणी, रोज बदलत राहतो. म्हणून महागडी सेंटरफायर (गोळीच्या बंदुकीसाठीची) स्कोपसुद्धा स्प्रिंगरवर मोडू शकते. 'एअरगन रेटेड' किंवा 'स्प्रिंगर रेटेड' असं निर्मात्याने स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पुढे जा.

जाणकारांनी भर घालावी. माउंटबद्दल टूलरूमवाल्यांनी लिहिलं तर फार बरं होईल.

टूलरूम

लिहितो. माझ्या मते स्कोपच्या आधी माउंटवर पैसे घालावेत. स्वस्त माउंटवर चांगली स्कोप लावली तर दोष स्कोपचा वाटतो, आणि चांगली वस्तू परत पाठवली जाते.

पहिला प्रश्न धातूचा. जाहिरातीत 'एअरक्राफ्ट ग्रेड ॲल्युमिनियम' लिहिलेलं असतं आणि हातात येतं जस्ताचं ओतीव काम. काळ्या रंगाखाली दोन्ही सारखेच दिसतात. लोहचुंबक उपयोगाचा नाही, कारण तो दोन्हींना चिकटत नाही. घनता मात्र फसत नाही. माउंटच्या रिंगचे (स्कोपची नळी धरणाऱ्या कड्याचे) सगळे स्क्रू आणि आतली टेप काढा. रिंगचा अर्धा भाग काट्यावर तोला. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करा, रिंग दोऱ्याला बांधा आणि पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी धरा. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घन सेंटीमीटर त्या तुकड्याचं आकारमान. तुकडा २७ ग्रॅमचा असेल आणि काट्यावर १० ग्रॅम आले तर घनता २.७, म्हणजे ॲल्युमिनियम. त्याच २७ ग्रॅमला ४ ग्रॅम आले तर घनता ६.७च्या आसपास, म्हणजे जस्ताचं मिश्रधातू. ७.८च्या जवळ गेलं तर पोलाद. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा असला तर उत्तम. रिंगच्या खाचांत अडकलेले बुडबुडे बोटाने झटकून टाका, त्यांनीच आकडा बिघडतो.

जस्त का नको? घट्ट आवळलेल्या स्थितीत ते साध्या तापमानालाही हळूहळू सरकतं. आज आवळलेली पकड महिन्याभराने ढिली होते, पुन्हा आवळलं की आटे निघतात. ओतीव कामाची खूण डोळ्यांनाही दिसते: साच्याच्या दोन भागांची जोडरेषा, तुकडा साच्यातून ढकलून काढणाऱ्या पिनांचे गोल ठसे, आतल्या कोपऱ्यांची गोलाई. मशिनवर कापलेल्या तुकड्यावर हत्याराच्या बारीक समांतर रेषा दिसतात आणि कडा नीट उतरवलेल्या असतात.

दुसरा प्रश्न रेलचा, म्हणजे माउंट जिच्यावर बसतो त्या रायफलीवरच्या पट्टीचा. एअर रायफलवर बहुधा ११ मिमीचं डोव्हटेल (तिरप्या खाचांची रेल) असतं, पण प्रत्यक्षात ते ९.५ ते १३ मिमीपर्यंत काहीही निघतं आणि खाचेचा कोनही वेगळा असतो. व्हर्नियरने मोजूनच माउंट मागवा. पिकॅटिनी (ओळीने आडव्या खाचा असलेली) रेल असेल तर खाचेची रुंदी ५.२३ मिमी आणि एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत १०.०१ मिमी असायला हवं. एकच खाच मोजून कळत नाही. पहिल्या खाचेच्या डाव्या कडेपासून अकराव्या खाचेच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, १००.१ मिमी आलं पाहिजे. स्वस्त रेलमध्ये चूक प्रत्येक खाचेला थोडीथोडी साचत जाते. सुट्या दोन रिंगांना ते चालून जातं, पण दोन आडव्या बोल्टांचा अखंड माउंट बसत नाही. वीव्हर रेलची खाच अरुंद, ४.५७ मिमीची असते. त्यामुळे वीव्हरचं सामान पिकॅटिनीवर सहसा बसतं, उलटं नाही.

११ मिमीवरून पिकॅटिनीला नेणारा ॲडॅप्टर शक्यतो टाळा. एकाऐवजी दोन जोड तयार होतात, उंची वाढते आणि गाल कुंद्यावर टेकत नाही.

भिंगवाला

टूलरूम, घनतेचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. स्प्रिंगरवर स्कोप मागे सरकते, त्याबद्दल लिहाल का? बहुतेक तक्रारी तिथल्याच असतात.

मी काचेबद्दल लिहितो. स्वस्त स्कोपवर '३-९x५०' (३ ते ९ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिमीचं) लिहिलेलं असतं आणि आत एक कडं बसवून पुढच्या भिंगाची कड झाकलेली असते. त्यामुळे काचेच्या कडेचे दोष लपतात आणि आकडा मोठा दिसतो. पकडायची रीत अशी: स्कोप ९ वर ठेवा, पुढचं तोंड उजळ आभाळाकडे करा (सूर्याकडे कधीच नाही), डोळा आयपीसपासून (डोळ्याकडच्या भिंगापासून) हातभर मागे न्या. आयपीसमध्ये उजेडाची छोटी गोल चकती दिसेल. तिचा व्यास पट्टीने किंवा व्हर्नियरने मोजा आणि ९ने गुणा. ५० मिमीच्या स्कोपला साडेपाच मिमीच्या आसपास चकती हवी. ३.३ मिमीच आली तर प्रत्यक्षात ३० मिमीचीच काच काम करते आहे, बाकीचं नुसतं ओझं.

दुसरं पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकणं. सेंटरफायरच्या साध्या स्कोपचा पॅरॅलॅक्स १०० यार्डांना बांधलेला असतो. आपण मारतो १० ते २५ मीटरवर. ३२ मिमी काचेची तशी स्कोप १० मीटरच्या कार्डावर धरली आणि डोळा पार कडेला गेला, तर नेम १४ मिमीपर्यंत चुकू शकतो. ३० मीटरला बांधलेल्या एअरगन स्कोपलाही १० मीटरवर ११ मिमीपर्यंत चूक राहते. म्हणून पुढच्या भिंगाचं कडं फिरवून १० यार्डांपर्यंत खाली येणारी, म्हणजे 'एओ' असलेली स्कोप घ्या. तपासायला रायफल उशांवर पक्की टेकवा, हात काढून घ्या आणि डोकं वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर कार्डावर जागच्या जागी राहिली पाहिजे. कड्यावर छापलेले आकडे स्वस्त स्कोपमध्ये बहुधा चुकीचे असतात. स्वतः टेपने अंतर मोजून पांढऱ्या पेनने नव्या खुणा करा, हा काही नापास करण्याएवढा दोष नाही.

लाल-हिरव्या दिव्याची क्रॉसहेअर असेल तर अंधाऱ्या खोलीत दिवा सगळ्यात जास्त करून पाहा. नळीच्या आतल्या भिंती उजळल्या तर आतला काळा रंग निकृष्ट आहे, आणि संध्याकाळच्या उजेडातही चित्र धुरकट दिसेल.

टूलरूम

सरकण्याबद्दल. पुढच्या झटक्यात रायफल पुढे निघून जाते, स्कोप जडत्वाने मागे राहते, म्हणून ती रेलवर मागे सरकत येते. डोव्हटेलच्या मागच्या टोकाला वर एक-दोन भोकं असतात. माउंटची स्टॉप पिन त्यात उतरली पाहिजे. पिनच नसलेला माउंट स्प्रिंगरसाठी घेऊ नका. काही रायफलींवर भोकाऐवजी वेगळी स्टॉप प्लेट असते, मग माउंट तिला टेकवून बसवा. स्प्रिंगरला सुट्या रिंगांपेक्षा अखंड माउंट चांगला, पकड लांबवर पसरते.

बसवताना रेल, माउंट आणि रिंगांची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सरकण्याच्या निम्म्या तक्रारी कारखान्यातल्या तेलामुळे असतात. मग स्कोप खालच्या अर्ध्या रिंगांवर ठेवा आणि एकच रिंग हलकी आवळा. दुसऱ्या रिंगेतून नळी उचलली गेली किंवा बाजूला सरकली तर रिंगा एका रेषेत नाहीत. तसंच दाबून बसवलं तर नळीवर वळ उमटतो आणि आतली रचना वाकलेल्या नळीत काम करते. असा माउंट परत करा.

रिंगेच्या वरच्या टोपीचे स्क्रू १.७ ते २ न्यूटन-मीटर जोराने आवळा. टॉर्कचा (आवळण्याचा जोर मोजणारा) पाना नसेल तर बॅग तोलायचा हुकाचा काटा वापरा. ॲलन कीची छोटी बाजू स्क्रूमध्ये, लांब बाजू बाहेर. स्क्रूच्या मध्यापासून ६० मिमीवर हुक अडकवून काटकोनात ओढा. काट्यावर ३ किलो आले की जवळजवळ १.८ न्यूटन-मीटर झालं. स्क्रू तिरप्या जोड्यांनी, पाव-पाव फेऱ्यांनी आवळा आणि टोपीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा. निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा डिंक) फक्त खालच्या पकडीच्या स्क्रूंना, तेही थेंबभर. टोपीच्या स्क्रूंना ओलं थ्रेडलॉक लावलं की घर्षण घटतं, त्याच टॉर्कला जास्त दाब पडतो आणि नळी चेपते. लाल थ्रेडलॉक कुठेच नको, ते काढायला तापवावं लागतं.

माउंटसोबत आलेली ॲलन की टाकून द्या. ती मऊ असते, स्क्रूचं षटकोनी भोक गोल करून ठेवते.

छर्रा१७७

स्कोपचे क्लिक (नेम सरकवायच्या गुंडीचे टप्पे) खरे आहेत का, हे एकही छर्रा न उडवता तपासता येतं. रायफल गादी लावलेल्या वाइसमध्ये किंवा वाळूच्या पिशव्यांत पक्की करा, भिंतीवर बरोबर १० मीटरवर आलेखाचा कागद लावा. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) स्कोपला ४० क्लिक म्हणजे १० एमओए, १० मीटरवर २९ मिमी. ४० वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे, आणि प्रत्येक कोपऱ्यावर नोंद. शेवटी क्रॉसहेअर निघाली त्याच बिंदूवर परत आली पाहिजे.

इथे मला दोन दोष वेगळे करावेसे वाटतात. ४० क्लिकांना २९ऐवजी २७ मिमी येत असतील आणि दर वेळी २७च येत असतील, तर स्कोप चालवून घेता येते. पण परत येताना दोन-तीन मिमी इकडेतिकडे होत असेल, किंवा दिशा उलटवल्यावर पहिले तीन-चार क्लिक चित्र हलतच नसेल, तर आतली स्प्रिंग कमजोर आहे. अशी स्कोप दुहेरी धक्क्याखाली झिरो धरत नाही.

छर्रे मारून तपासणार असाल तर प्रत्येक कोपऱ्यावर किमान पाच, एकाच डब्यातले. स्प्रिंगर पकडीला फार संवेदनशील असते. गालाचा दाब बदलला तरी गट (छऱ्यांच्या भोकांचा पुंजका) सरकतो आणि स्कोपला उगाच नापास केलं जातं.

डोंगरमाथा

बायपॉडबद्दल (रायफलीला पुढे लावायच्या दोन पायांबद्दल) कोणीच लिहिलं नाही. स्वस्तातला कोणता घ्यावा?

छर्रा१७७

स्प्रिंगरला कोणताच नको. छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल हलत असते आणि ती दर वेळी सारखीच हलली तर गट जमतो. म्हणून पुढचा कुंदा उघड्या तळहातावर किंवा मऊ पिशवीवर नुसता टेकवतात, मूठ आवळत नाहीत. बायपॉडच्या कडक पायांवर रायफल उसळते, आणि पाय कॉंक्रीटवर की मातीत यावर मारा बदलतो. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलीला धक्का जवळजवळ नसतो, तिथे बायपॉड चालतो. घेताना पाय पूर्ण लांब करून टोकाला हलवून पाहा. सांध्यात खडखड असेल तर नको.

शिलाईकाम

बॅगा, पाऊच, पट्ट्यांबद्दल लिहिते.

डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. तो आकडा धाग्याची जाडी सांगतो, जात सांगत नाही. स्वस्त 'टॅक्टिकल' बॅगा बहुधा ६०० किंवा ९०० डेनियर पॉलिएस्टरच्या असतात. चांगल्या बॅगा ५०० किंवा १००० डेनियर नायलॉनच्या, आणि घासटण्यात ५०० डेनियरचं चांगलं नायलॉन ६०० डेनियर पॉलिएस्टरला मागे टाकतं. ओळखायला आतल्या शिवणीच्या सुट्या कडेचा एक धागा काढा, चिमट्यात धरून बेसिनवर जाळा. पॉलिएस्टर काळा धूर सोडतं आणि काळा कडक मणी उरतो. नायलॉनचा धूर फिका, मणी भुरकट. पेटता थेंब हातावर पडू देऊ नका, तो त्वचेला चिकटतो.

कापडाची आतली बाजू नखाने खरवडा. पॉलियुरेथेनचा थर पापुद्र्यासारखा सुटला तर पहिल्याच पावसाळ्यात बॅग आतून चिकट होईल. दमट हवेत हा थर रासायनिक रीतीने मोडतो, म्हणून मुंबई-कोकणात कपाटात बंद ठेवलेली बॅगसुद्धा चिकटते.

बकल पाण्यात टाका. तरंगलं तर पॉलिप्रॉपिलीन, घनता ०.९. ते उन्हात ठिसूळ होतं. बुडलं तर नायलॉन किंवा ॲसिटल, हवं ते हेच. पट्ट्याच्या कापलेल्या तुकड्यालाही हीच चाचणी चालते, फक्त आधी पाण्यात चुरून आतली हवा काढा. नाहीतर नायलॉनही तरंगेल.

मॉली जाळीत (बॅगेवर पाऊच ओवायच्या पट्ट्यांत) आडव्या पट्ट्या २५ मिमी रुंद, दोन पट्ट्यांत २५ मिमी अंतर आणि उभे टाके दर ३८ मिमीवर हवेत. दहा घरं मोजून ३८० मिमी येतात का पाहा. नकली मालात एक घर ३५चं, पुढचं ४२चं निघतं आणि रुंद पाऊच ओवताच येत नाही. प्रत्येक उभ्या शिवणीला बारटॅक हवा, म्हणजे दाट आडवे टाके. साध्या शिलाईवर दोनदा मागे-पुढे मशिन फिरवलेलं असेल तर ते पाण्याच्या बाटलीपुरतं ठीक. बाकी शिवणीत इंचाला ७ ते ९ टाके पुरेत. बारा-तेरा दिसले म्हणजे मजबुती वाढली असं नाही, सुईच्या भोकांनी पट्टा कमजोर होतो.

चेन: मुख्य कप्प्याला ८ किंवा १० नंबर, छोट्या खिशाला ५. बॅग गच्च भरा, चेन लावा, आणि मधोमध दोन्ही बाजूंनी कापड ताणून दात उघडतात का पाहा. कोपऱ्याच्या वळणावर चेनचा रनर अडकत असेल तर तिथेच ती पहिल्यांदा फाटते.

डोंगरमाथा

धन्यवाद ताई, बकलची चाचणी लगेच करतो. रायफलच्या पट्ट्याच्या कड्यांनाही तीच का?

टूलरूम

नाही, तिथे भाराचं काम आहे. कडी लोखंडी पिनेची आहे ना ते पाहा, ओतीव जस्ताची पिन मुळाशी तुटते. पट्टा कड्यांसकट दाराच्या वरच्या आडव्या दांड्याला अडकवा, खाली १५ किलो तांदळाची पिशवी लटकवा, वीस-पंचवीस हलके हिसके द्या. बटणवाली कडी असेल तर भार असताना फिरवून पाहा. बटण न दाबता निसटली तर टाकून द्या. ब्रेक-बॅरलवर पुढची कडी नळीला लावू नका, पट्टा ओढला की नळीच्या सांध्यावर ताण येतो.

भिंगवाला

टॉर्चचं थोडक्यात. '९९०० एमएएच' लिहिलेला १८६५० सेल खोटाच. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३५००च्या आसपास असते. काट्यावर खरा सेल ४४ ते ४८ ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस ग्रॅमचा निघाला तर चार्जसुद्धा करू नका. ल्युमेनचा आकडा एएनएसआय एफएल१ या टॉर्चच्या मानकाप्रमाणे मोजल्याचं लिहिलेलं असेल तरच मोजमापाला अर्थ आहे. झोताच्या लांबीसाठी कँडेला (झोताची तीव्रता) बघा: कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट म्हणजे मीटर. १०,००० कँडेला असतील तर २०० मीटर, आणि त्या अंतरावर उजेड जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याएवढा.

कलमवार

तीन गोष्टी कायद्याच्या बाजूने, कारण याच दुकानांत त्या शेजारी-शेजारी दिसतात. आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेलं बंदुकीचं जोडसामान शस्त्र कायदा १९५९च्या व्याख्येत खुद्द 'फायरआर्म'मध्येच मोडतं. 'शोभेची नळी' म्हणून विकत असले तरी हात लावू नका. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून सैन्यासारखा गणवेश घालणं हा गुन्हा आहे. सैन्याने जानेवारी २०२२मध्ये आणलेल्या नव्या नक्षीची नक्कल बाजारात दिसते, ती घेऊ नका, साधा खाकी किंवा ऑलिव्ह रंग घ्या. आणि एअरसॉफ्टसाठी (प्लास्टिकच्या छऱ्यांच्या खेळासाठी) बनवलेलं हेल्मेट किंवा प्लेट गोळी अडवत नाही. आपल्याकडे बुलेटप्रूफ जॅकेटसाठी आयएस १७०५१ हे मानक आहे.

पाखरं आणि जनावरं हे लक्ष्य नव्हे. कागद आणि लोखंडी पाट्या, एवढंच.

नेमबाजाची_आई

मुलगी शाळेच्या १० मीटर एअर रायफल गटात जाते. तिला यातलं काय लागेल?

छर्रा१७७

ताई, जवळजवळ काहीच नाही. १० मीटरच्या स्पर्धेत स्कोप चालतच नाही, मागे डायऑप्टर (बारीक भोकाची साइट) आणि पुढे कड्याची साइट असते. त्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. रायफल सुरुवातीला रेंजचीच वापरू द्या. जाकीट आणि पँट तिच्या मापाने, प्रशिक्षकांना विचारूनच घ्या, कारण कापडाची जाडी आणि ताठरपणा नियमाने मोजतात. नियमाबाहेरचं जाकीट स्पर्धेत चालत नाही. पैसे घालायचे तर चांगल्या मॅच छऱ्यांवर घाला. डबा उघडून पाहा, कडा चेपलेल्या छऱ्यांचं प्रमाण लगेच दिसतं.

डोंगरमाथा

पावसाळ्याचं एक विचारायचं राहिलं. 'वॉटरप्रूफ' स्कोप घरी कशी तपासायची? आणि माझी रायफल १० मीटरवर चार सेंटीमीटर खाली मारते, वरचा टरेट (नेम वर-खाली सरकवायची गुंडी) जवळजवळ संपलाय. स्कोप खराब समजायची का?

भिंगवाला

निर्मात्याने वॉटरप्रूफ किंवा आयपीएक्स७ (पाण्यात बुडवलं तरी चालण्याचा दर्जा) लिहिलं असेल तरच ही चाचणी करा. बादलीत हाताला सोसेल एवढं, ४० अंशांच्या आसपास कोमट पाणी घ्या, टरेटच्या टोप्या घट्ट लावा, स्कोप पाच मिनिटं बुडवा. आतला वायू तापून फुगतो. गळती असेल तर टरेट किंवा आयपीसच्या कडेने बुडबुड्यांची सलग माळ निघते. सुरुवातीला सुटणारे एक-दोन बुडबुडे आट्यांत अडकलेल्या हवेचे असतात, ते सोडून द्या. माळ दिसली की लगेच बाहेर काढा.

चार महिने फोमच्या बंद कव्हरमध्ये रायफल ठेवू नका. फोम ओल धरतो, नळीवर गंज चढतो आणि काचेवर बुरशीचं जाळं पसरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून स्कोप ठेवा आणि जेलचा रंग बदलला की मंद आचेवर वाळवून घ्या.

टूलरूम

स्कोप खराब म्हणू नका. ब्रेक-बॅरलची नळी रेलच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते, हे बऱ्याच रायफलींत सापडतं. टरेट टोकाला गेला की आतली स्प्रिंग सैल पडते आणि झिरो भटकतो, म्हणून टरेट मध्याजवळ आणणं गरजेचं. मागच्या रिंगेत नळीखाली पातळ पत्र्याची किंवा फिल्मची पट्टी घाला. दोन रिंगांत १०० मिमी अंतर असेल तर ०.१ मिमीची पट्टी १० मीटरवर मारा १० मिमी वर नेते. तुमच्या चार सेंटीमीटरला ०.४ मिमी लागेल आणि टरेटही मध्यावर आणायचा म्हणजे आणखी जास्त. एवढं एका रिंगेत घातलं तर नळी वाकेल. ०.२च्या वर जाऊ नका. झुकाव भरून काढणारा, मागे उंच असलेला अखंड माउंट मिळतो, तो घ्या. आधी टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत फिरवा, निम्म्यावर आणून ठेवा, त्या स्थितीत १० मीटरवर पाच छर्रे मारा आणि गट नेमापासून किती मिलिमीटर खाली पडतो ते इथे लिहा. त्यावरून किती झुकावाचा माउंट लागेल ते सांगतो.

डोंगरमाथा

रविवारी मोजून टाकतो. रिंगांमधलं अंतर ९५ मिमी आहे.